शंभर मीटरांचा राखणदार

तो काठी जमिनीत रोवायचा आणि म्हणायचा, "इथपावत सरकार शे, अक्का. याना पुढे तुम्ही." मग पाठ फिरवून पावलं मोजत निघायचा. पांढरीच्या टेकाडापासून शंभर मीटर, चारही बाजूंनी, रोज सकाळी. एवढ्या आत कुणी खणायचं नाही, बांधायचं नाही, असा कायदा. हद्द काही रोज हलत नाही, हे त्याला सांगून मी दमले. तो म्हणायचा, "हद्द नही सरकस, मानसं सरकतस."

तुमच्याही गावात असा एखादा असेल. सगळे त्याला हसतात आणि सगळे त्याला टाळतात.

आमच्या गावामागे तापीच्या अंगाला हे टेकाड आहे. फार पूर्वी तिथे वस्ती होती. माती पांढरी, राखेसारखी मऊ. आमची घरं धाब्याची, मातीच्या छताची. पावसाळ्याआधी ही माती वर टाकली की घर गळत नाही. माझी सासू टाकायची, तिची सासू टाकायची. मग सरकारने टेकाडावर ‘संरक्षित स्मारक’ असा निळा फलक लावला आणि एका ठेकेदारामार्फत ह्याला राखणीला बसवलं. अमळनेरकडचा माणूस.

पहिल्याच वर्षी मी पाटी भरली. त्याने ती माझ्या डोक्यावरून उतरवली आणि जिथून माती घेतली होती तिथेच उपडी केली.

"मना धाबावर मग काय टाकू? तुनं डोकं?" मी विचारलं.

"टाका. पन ते बी शंभर मीटरना बाहेर."

बाया हसल्या. मी हसले नाही. ह्याला एक दिवस दाखवीन, असं मनात धरलं. दोन पावसाळे माझं घर गळलं. दोन वर्षं मी त्याला प्यायला पाणी दिलं नाही. तो नदीवरून आणायचा.

तिसऱ्या वर्षी तो जेवायला बसला असताना मी चार पाट्या चोरून आणल्या. दुसऱ्या दिवशी तो आला. नदीचा गाळ आहे, असं मी सांगितलं, तरी तो शिडी लावून धाब्यावर चढला आणि बोटाने माती उकरून एक तुकडा काढला. "लाल खापर, वर काळी नक्षी. नदीना गाळमा असं सापडत नही, अक्का." खापर धुऊन तो टेकाडावर परत ठेवून आला. माझी तक्रार मात्र केली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याची लेक माहेरी येणार होती. जाताना मला म्हणाला, "तीन दिवस घर जास, अक्का. कोनले सांगू नका." माझं घर टेकाडाला सगळ्यात जवळ, म्हणून मला सांगितलं असेल.

गावात केळीचा मोठा मळा असलेले एक नाना आहेत. त्यांनी मला हातपंपावर विचारलं, "काय अक्का, तुमना साहेब दिखत नही?"

मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाया झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत असताना, नानांचा जेसीबी टेकाडावर चढला. दिवस मावळेपर्यंत टेकाडाचं अर्धं पोट गेलं. मला चार पाट्या हव्या होत्या, नानांनी केळीला घालायला ट्रॉल्या भरल्या.

तो परत आला, खड्ड्यासमोर उभा राहिला. काठी रोवली नाही. वरच्या साहेबांना त्यानेच कळवलं. नानांनी साहेबांना सांगितलं की माती ह्यानेच विकली आणि आपल्या मळ्यात आहे तो नदीचा गाळ. ठेकेदाराने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं आणि तो आपल्या गावी निघून गेला.

पंचनाम्याला सगळं गाव जमलं आणि लांबच उभं राहिलं. नाना साहेबांना चहा देत होते. मी पुढे झाले. "साहेब, आधी माझं घर लिहा."

त्यांना धाब्यावर चढवलं, खापरं दाखवली, चार पाट्या कबूल केल्या.

"बाई, हा गुन्हा आहे. तुमच्यावर केस होईल," साहेब म्हणाले.

"होऊ द्या. तो गावाला गेलाय हे नानांना मीच सांगितलं, तेही लिहा. आता मळ्यात चला."

केळीच्या बुडाशी मी हाताने उकरलं. पहिल्याच मुठीत लाल खापर, वर काळी नक्षी.

नाना हळूच म्हणाले, "अक्का, मी आपला गावना मानूस शे."

"म्हनीसनच तुम्हले वळखस मी."

केस धुळ्याला चालू आहे, दोघांवरही. तारखेला नाना गाडीने येतात, मी एसटीने. त्यांचा वकील पुढची तारीख मागतो. मागू दे. मी समोरच्या बाकावर बसून नानांकडे बघत राहते आणि ते मान खाली घालतात. तेवढ्यासाठी मी आणखी दहा वर्षं जगायला तयार आहे.

त्याच्यावरचा आळ गेला. कामावर घेण्याचा कागद निघाला, पण तो त्याच्या घरी पोचला तेव्हा त्याचं दहावं होऊन गेलं होतं. मी गेले तर लेकीने काठी माझ्या हातात दिली. "आबा म्हनत, अक्काले द्या. त्यासनं घर टेकाडले जवळ शे." नानांना कुणी सांगितलं, हे त्याला कळलं होतं का, ते मी विचारलं नाही.

आता रोज सकाळी मी मोजते. माझी पावलं आखूड, शंभर मीटरला एकशे सत्तर होतात. परवा नानांच्या नव्या पंपघराची भिंत एकशे बावन्नालाच आडवी आली. नाना दारात उभे होते. मी भिंतीला लागून काठी रोवली.

"सरकार आजून अठरा पावलं शे, नाना."

अर्ज लिहून झालाय. उद्या पहिल्या एसटीने धुळ्याला जाते.