बारा सेलची बॅटरी

दादाचा शेवटचा निरोप माझ्या वहीत आहे, पण अर्धाच. उरलेल्या जागी टिंबं आहेत. ऐकू आलं नाही तिथे टिंब काढायचं, ही शिस्त दादानेच मला लावली. टिंबं असतील तर 'पोचलं' म्हणायचं नाही, पुन्हा विचारायचं, हेही त्यानेच शिकवलं होतं. ते मी पाळलं नाही.

आम्ही भाऊबहीण हौशी रेडिओवाले. सरकारचा परवाना घेऊन, घरच्या सेटवरून, तारेच्या भाषेत, म्हणजे मोर्सच्या छोट्या-लांब ठोक्यांत बोलणारे. तो नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी संत्र्याची बाग सांभाळायचा, मी नागपुरात सक्करदऱ्याला राहून कारकुनी करत करत निवृत्त झाले. तीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला आमची दहा मिनिटं ठरलेली. मोटर चालू झाली का, भाजी काय केली, एवढंच. मोबाइल आले तेव्हा शेजारीण म्हणाली, "फोन फुकट असताना हे टिकटिक काहून करता?" मी म्हटलं, "पाणी फुकट असताना तुम्ही चहा काहून पिता?" तिने पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने दादाचं तोंड खाल्लं. वीस वर्षं मी 'सोड, सोड' म्हणून ओरडत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. नागपूरला ऑपरेशन झालं, अर्धी जीभ गेली. त्याचं बोलणं फक्त वहिनीला कळायचं, आणि तिलाही दोनदा विचारावं लागायचं. त्याने फोन घेणं बंद केलं. मोबाइलवर लिहून पाठव म्हटलं तर एक अंगठा पाठवायचा. पण ठोके द्यायच्या रेडिओच्या चावीवर तो पहिल्यासारखाच होता. प्रत्येकाच्या हाताची एक लकब असते. दादा शब्दातला शेवटचा 'डा', म्हणजे लांब ठोका, जरा जास्तच लांबवायचा. ती लांबण ऐकली की मला वाटायचं, ह्याला काही झालेलं नाही.

त्याचा जुना सेट ट्रंकेएवढा आणि विजेवर चालणारा. तो आता ओसरीवरच्या बाजेवर पडून असायचा, आणि गावची वीज आली तर आली. म्हणून मी त्याला माझा छोटा सेट दिला, तळहातावर मावणारा, पाच वॅटचा. पाच वॅट म्हणजे देवघरातल्या बल्बाएवढी ताकद. त्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते. दादाने पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी काढून लावली. मला कौतुक वाटलं, पण बोलून दाखवलं नाही.

ती बॅटरी थकलेली होती. चावी दाबली की व्होल्टेज बसायचं आणि पाचाचे दोन वॅट व्हायचे. उन्हाळ्यात मी त्याच्यासाठी नवी बनवायला घेतली, आणि ती होईपर्यंत माझे हुकूम सुरू झाले. तार उलटी लागून सेट जळू नये म्हणून आत एक डायोड असतो, तो अर्धा व्होल्ट खातो, तो काढ. त्याने काढला. एरियलची तार खाली लोंबते, कडुनिंबावर चढव. त्याने दोरीला दगड बांधून गोफणीने भिरकावला आणि तार वर नेली. वहिनीने नंतर सांगितलं की त्यानंतर तो दिवसभर झोपून होता. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

एवढं करूनही त्याच दिवसांत त्याचा आवाज आणखीच बुडायला लागला. माझ्या कानात नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी दादा. मी साडेसहाला कूलर बंद करायची, पंखा बंद, फ्रिज बंद. घाम टपटप वहीवर पडायचा. खरखर तशीच. समोरच्या घरावर नव्या सोलर पाट्या लागल्या होत्या, मी त्यांना दोष दिला. शेजारणीच्या इन्व्हर्टरला दिला. सगळ्यात जास्त दादाच्या बॅटरीला दिला.

म्हणून मी नवी बॅटरी लवकर पुरी करायच्या मागे लागले. तिच्यासाठी जुन्या लॅपटॉपमधले तीसेक सेल आणले होते. त्यातले एकसारखे बारा निवडायचे, तर प्रत्येक सेल पूर्ण भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा आणि किती टिकला ते लिहायचं. चार खणांचा एक स्वस्तातला चार्जर स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवसरात्र चालू असायचा. तीन आठवडे चालला. "बॅटरी झाली की घेऊन येते," असं मी दादाला रोज सांगायची. मधल्या काळात तशीच जाऊन आले असते तर कोण अडवणार होतं? पण रिकाम्या हाताने जायचं नाही, हा माझा हट्ट. त्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा सेलकडे बघणं सोपं होतं, हे आज लिहिते.

त्याला 'पुन्हा पाठव' म्हटलं की तो पुन्हा पाठवायचा, पण हात मंदावायचा. दोनदा, तीनदा झालं की मला लाज वाटायला लागली. आमच्यात आवाज किती चांगला येतो ते आकड्यांत सांगतात, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पाच-नऊ-नऊ. खरं तर निम्मे लोक समोरच्याचं मन राखायला सरसकट तोच आकडा ठोकतात. मी ह्या लोकांना आयुष्यभर नावं ठेवली. मग मीही ठोकायला लागले. आजाऱ्याला कशाला दमवायचं, म्हणून.

त्या शुक्रवारी त्याने नेहमीपेक्षा जास्त पाठवलं. माझ्या वहीत आलं ते असं: डॉक्टर, मग टिंबं, बॅटरी, मग टिंबं, रवि, आणि शेवटी पुन्हा टिंबं. मी आपला अर्थ लावला, की बॅटरी रविवारपर्यंत हवी आहे. आणि कळवलं: सगळं पोचलं, पाच-नऊ-नऊ. त्याने रजा घ्यायचे दोन छोटे ठोके वाजवले आणि सेट बंद केला.

शनिवारी तो आला नाही. मी मोबाइलवर लिहिलं, "बॅटरी उतरली का?" वहिनीच्या हातून उत्तर आलं, "हो." रविवारी मी अकरावा सेल पक्का केला. बारावा काही जमेना. सोमवारी सकाळी वहिनीचा फोन आला, आणि मी तशीच एसटीत बसले.

दादाचं सगळं उरकल्यावर संध्याकाळी वहिनीने दादाची वही माझ्यासमोर ठेवली. निरोप पाठवण्याआधी तो नेहमी लिहून काढायचा. शुक्रवारच्या पानावर लिहिलं होतं: "डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. बॅटरी राहू दे. रविवारी तू ये." त्याखाली दुसऱ्या ओळीत माझं उत्तर: "सगळं पोचलं. येते."

'येते' मी म्हटलेलं नव्हतं. ते त्याने स्वतः लिहिलं होतं.

"रविवारी सकाळीच दाढी करून मागितली," वहिनी म्हणाली. "दिवसभर ओट्यावर बसून राहिले, रस्त्याकडं पाहात. मी म्हटलं फोन करतो ताईले, तर हातानंच नाही म्हणे. तुमाले भेटलं होतं ना हे?"

"हो," मी म्हटलं. "काम निघालं."

वहिनीने मान हलवली. मला रडू आलं नाही. मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं, फक्त ओसरीवरची ती बाज कोणीतरी उचलून ठेवावी असं वाटत होतं.

नागपूरला परत आल्यावर मी बारावा सेल लावून बॅटरी पूर्ण केली. का, ते विचारू नये. हातात घेतलेलं काम होतं. चार्जर भिंतीतून काढला, गुंडाळला आणि कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी साडेसहाला सवयीने माझा मोठा सेट लावला, तर खरखर नव्हती. कूलर घरघरत होता, पंखा चालू होता, फ्रिज चालू होता, समोरच्या सोलर पाट्या जागच्या जागी होत्या. आणि बॅन्ड स्वच्छ. दूर कुठला तरी क्षीण स्टेशनवाला बोलत होता, त्याचं अक्षर न् अक्षर मला ऐकू येत होतं.

मी कपाटातून चार्जर काढून पुन्हा भिंतीत लावला. खरखर आली. काढला, गेली. असं मी पाच-सहा वेळा केलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या आजारी माणसाला मी गोफण मारायला लावली, आणि त्याचा आवाज बुडवत होता माझ्याच ओट्यावरचा, त्याच्याच बॅटरीसाठी लावलेला चार्जर. त्या दिवशी मी पोळ्या केल्या, जेवले, दुपारी झोपलेसुद्धा. जेवण गोड लागलं नाही असंही म्हणता येत नाही. कसलीच चव लागली नाही.

तेराव्याला बॅटरी घेऊन गावी गेले. पाहुणे पांगल्यावर वहिनीला बागेत गाठलं आणि सगळं सांगितलं. टिंबं, चार्जर, पाच-नऊ-नऊ. बोलताना माझा आवाज ऑफिसात फाइल वाचून दाखवावी तसा येत होता, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

वहिनीने संत्र्याचं एक पान उलटून त्यावरची कीड बघितली.

"मंग भेटलं म्हणून काहून म्हटलं?"

"त्याले दमवू नये म्हणून."

"हं," ती म्हणाली. "रविवारी दिवेलागणीपर्यंत मी म्हणून राहिलो, आता आत चला, ताई नाही येत. तर पाटीवर लिवलं, गाडी लेट असन." तिने ते पान खुडून टाकलं. "हे गेले तवा त्यायच्या मनात तुमी रस्त्यात होत्या. तेवढं तसंच राहू द्या. दुसऱ्या कोणाले नोका सांगू आता."

मी पिशवीतून बॅटरी काढली. ती कुठे ठेवावी ते मला कळेना. वहिनीने ती हातात घेऊन वजन बघितलं.

"पंपाले चालन का? फवारणी राहिली हाय."

चालली. मी वायरी जोडून दिल्या. वहिनीने पंप पाठीवर घेतला आणि ती पहिल्या ओळीत शिरली. बॅटरी पूर्ण भरलेली होती, जोर एकसारखा येत होता, आणि मी बांधावर बसून रस्त्याकडे बघत राहिले.