पदराची गाठ

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य योजनेच्या खिडकीसमोर, तेल्हाऱ्याची एक साठीची बाई आठवडाभर रोज माझ्या शेजारी बसायची. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन मंजुरीवाचून अडलं होतं. तिनं पदराला नवसाची गाठ मारली होती आणि ती सारखी चाचपायची.

शुक्रवारी मंजुरी आली. तिनं कागद कपाळाला लावला आणि तिथंच दातांनी गाठ सोडली.

सरकार मदतीला आलं की देव जातो, असं मी वाचलं होतं. पुरावा समोरच मिळाल्यानं मला हसू आलं.

"काहून हसून राहिले, भाऊ?"

"मावशी, ऑपरेशन व्हायचंय अजून. एवढ्यात देव सोडला?"

"आमचं आता सरकार पाहून राहिलं ना. मंग देवाले कायले अडकून ठेवू? त्या समोरच्या बाईचं तं योजनेचं कारडच नाही निघालं."

ती उठली आणि समोरच्या बाकावरच्या बाईच्या पदराला स्वतः गाठ मारून आली.

"आणि ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर?" मी विचारलं.

तिनं समोरच्या बाईकडं पाहिलं. "तवा तिले म्हनीन, माह्यासाठी बी सांग म्हून."

विम्याची कागदपत्रं मी बरीच वाचली आहेत. इतकं सोपं कलम कुठं सापडलं नाही.