भिंतीपलीकडचा धूर

बॉयलरवरच्या मामांनी कोळसा ओढायची सळई मोठ्या साहेबांच्या डोक्यावर उगारली. मी मधे पडलो आणि ती माझ्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

आठवीत शाळा सोडून नांदेडहून मुळशीत आलो, तेव्हा रिहे गावातल्या स्वतःच्या घरात जागा आणि कंपनीत काम, दोन्ही या मामांनीच दिलं होतं. पुढं कंपनीनं धूर निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट जाहीर केलं आणि कोळशाचा बॉयलर ठेकेदाराच्या नावावर करून भिंतीपलीकडं हलवला. नोकरी वाचली म्हणून मामा खूश होते. मग मोठे साहेब आले नि म्हणाले, “ठेकेदार आपल्यासाठीच जाळतो ना? मग तो धूरही आपल्याच हिशेबात. बंद करा.”

“निम्मी जिंदगी ह्या आगीम्होरं भाजलो,” मामा म्हणाले, “आता मी कुटं जायाचं?” आणि सळई उचलली.

रखवालदारांनी त्यांना लाथांनी तुडवलं. तोंडातून रक्त गळत असताना ते मलाच विचारत होते, “लागलं का रं लई?”

आता कोळशाऐवजी आलेल्या विजेच्या बॉयलरवर मी आहे, मामा घरी असतात. संध्याकाळी मी दार ढकलून आत येतो. ते भात वाढतात, पण माझ्या वाकड्या हाताकडं बघत नाहीत.