फोटोतून कापलेला डबा

गूढ अनुभवांच्या अशा सदरांतले किस्से मी आजवर केवळ करमणूक म्हणून वाचत आलो. विश्वास ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत माझी उमेदीची सारी वर्षं गेली. मल, थुंकी, पू... लोक ज्या गोष्टींवरून नजर फिरवतात, त्या मी रोज जवळून पाहतो आणि हात धुऊन शांतपणे जेवायला बसतो. किळस माझ्यापुरती केव्हाच बोथट झाली होती. तरीही यंदाच्या हिवाळ्यात एका वासानं मला माझ्याच घरात बेसिनवर वाकायला लावलं. तो कुठून आला हे मला सांगता येत नाही. केव्हा सुरू झाला हे मात्र सांगता येतं, आणि तेच सांगताना संकोच वाटतो.

आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. पेट्रोल निघण्याच्याही आधी, लाकूड घेऊन निघालेल्या एका गलबतावरून माझे आजोबा कुवेतला आले आणि त्यांच्यामागून आमचं बहुतेक घराणं. गेल्या वर्षी इथल्या आमच्या किनाऱ्याकडच्या मंडळींनी ठरवलं, की सालमियात होणाऱ्या स्नेहमेळाव्यात या वेळी जुन्या घराण्यांचं छोटंसं प्रदर्शन मांडायचं. प्रत्येक घराचा एक बोर्ड – वंशावळ, जुने कागद, एखादा फोटो. आमच्या घराचं काम माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास माझ्या मुलीसाठी, आमनासाठी, मुकादमांच्या घरून विचारणा झाली होती. मुलगा इंजिनीअर, शांत स्वभावाचा. दोघं भेटली होती आणि आमनाचा चेहरा मला पुष्कळ काही सांगत होता. मुलाचे वडील, मुकादम साहेब, खानदान पाहणारे. त्यांचे आजोबा नाखवा होते, म्हणजे स्वतःच्या गलबताचे मालक आणि कप्तान. पहिल्याच भेटीत चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तुमचे आजोबा कुठल्या गलबतावर होते?"

"त्यांचं स्वतःचं होतं," मी म्हणालो.

हे वाक्य इतक्या सहज गेलं, की मलाही ते खरं वाटलं. घरात आजोबांचा उल्लेख 'गलबतवाले' असाच होत असे. आता पुरावा तेवढा शोधायचा होता.

गावाहून चुलतभावानं कागदांचे फोटो पाठवले – जमातीच्या जुन्या नोंदी, बंदरावरचा एक दाखला, आजोबांचा प्रवासाचा परवाना. परवान्यावर व्यवसायाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: गलबताला तेल लावणारा.

जे कुवेतमध्ये राहिले आहेत, त्यांना मी या नोंदीची वाट कशी लावली ते लगेच समजेल. इथे इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, लिहिलेला व्यवसाय आणि माणसाचं खरं काम यांचा संबंध असेलच असं नाही. माझ्या पहिल्या इकाम्यावर मी मेंढपाळ होतो. मेंढीच्या कानाला मी आजतागायत हात लावलेला नाही. तेव्हा मी मनाची समजूत घातली, की परवान्यावर काय, काहीही लिहितात. जी गोष्ट आम्ही इतकी वर्षं हसण्यावारी नेली, तिच्याच आधारानं मी आजोबांना बढती देऊन टाकली.

फोटोसाठी अबू हलीफा या उपनगरात चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आजोबांच्या मुलांपैकी आता एकटेच उरलेले. वय ऐंशीच्या पुढे, आपल्या मुलाकडे राहतात. आजोबांचा कुवेतच्या किनाऱ्यावरचा एकुलता एक फोटो त्यांच्यापाशी आहे. वाळूवर ओढून ठेवलेलं गलबत, फळ्यांवर डावा हात टेकून उभे असलेले आजोबा, आणि उजव्या हातात एक डबा. डब्याच्या काठावर चिंधी.

"मुशीचं तेल हाय त्यात," चाचा म्हणाले.

मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. त्याच्या यकृताचं तेल काढून कुजू द्यायचं आणि गलबताला चोपडायचं, म्हणजे लाकूड टिकतं.

"बाप गावाला यायचा ना," चाचा सांगू लागले, "तर पयल्यांदा मोहल्ल्यातल्या मांजरी दारात येऊन बसायच्या. मग आमची आय म्हनायची, चूल पेटवा रे, तुमचा बाप बंदरावर उतरला."

मी हसलो. मग घसा साफ करून म्हणालो, "चाचा, बोर्डावर मी त्यांना नाखवा लिहितोय."

चाचा बराच वेळ फोटोची काच पुसत राहिले. "तुजा आजा नाखवा होता?"

"म्हणजे... तसं लिहायचं. आमनासाठी."

"लिव की. पन मग माजा बाप कोन होता, ते पन कुठंतरी लिव."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला वाद घालता आला असता. मी फोटो घेऊन निघालो.

सालमियातल्या प्रिंटिंगच्या दुकानात मी ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा राहून फोटो कापून घेतला. उजव्या हातासकट डबा गेला. उरले ते गलबताला टेकून उभे असलेले, कुणालाही मालक वाटतील असे रुबाबदार आजोबा. खाली त्यांचं नाव आणि नावापुढे 'नाखवा'. बोर्ड गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, दार लावलं आणि तो वास आला.

सडलेली मासळी म्हणावी, तर ती त्याहून बरी. त्यात खवट चरबी होती, ओलं लाकूड होतं आणि जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा एक गोडसरपणा... जो गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. मी काचा खाली केल्या. काही उपयोग झाला नाही.

घरी शहनाज, माझी पत्नी, दार उघडताच मागे सरकली. "काय आणलंत हे? फिश मार्केटला लोळलात काय?"

आतून आमनाचा आवाज आला – "अब्बा, व्हॉट इज दॅट? इट्स इन माय हेअर!"

म्हणजे भास म्हणावा, तर तो तिघांनाही होत होता. इमारतीच्या हारिसला, रखवालदाराला, बोलावलं. त्यानं मोरी पाहिली, बाथरूमच्या जाळ्या उघडल्या, छतावरच्या टाकीत डोकावून आला. नाकावर मफलर दाबून म्हणाला, "साब, पाइप में कुछ नहीं है. आपके पास है."

दुधाला वास, भाताला वास, धुतलेल्या चादरींना वास. सर्वांत जास्त माझ्या उजव्या हाताला. लॅबमध्ये ज्या साबणानं काहीही निघतं, त्यानं तो निघेना. जेवायला बसलो, घास तोंडाजवळ नेला आणि उठून बेसिनकडे धावलो. तिथे वाकलेला असताना मनात जे आलं, ते लिहिणं मला भाग आहे. मला आजोबांची किळस आली. या असल्या हातानं हा माणूस जेवत कसा असेल... आणि मी त्याचा नातू आहे हे मुकादमांना कळता कामा नये.

सकाळी उजेडात बोर्ड पाहिला. फोटोच्या कडेला, जिथून डबा कापला होता नेमकं तिथून, तेलासारखं काही ओघळत होतं. मी ते टिपकागदावर घेतलं. कागद आरपार झाला आणि वाळेचना. लॅबमधल्या सहकारी बाईंनी तो पाहून नाक मुरडलं – "सर, धिस इज फॅट. कुठल्या पेशंटचं आहे?" मी कागद माझ्या खणात ठेवून दिला. दुकानदारानं शाई ओघळूच शकत नाही असं सांगून नवा बोर्ड छापून दिला. पार्किंगपर्यंत पोचेतो त्याचीही कड ओली झाली होती.

शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. मी बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, त्यावर ऊदचा धूर धरला आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर तो हॉलवर घेऊन गेलो. मुकादम येणार होते ना.

हॉल एका इमारतीच्या तळघरात होता. ऊद आणि मुशीचं तेल एकत्र झाल्यावर जे होतं, त्याला माझ्यापाशी शब्द नाही. आजूबाजूच्या घराण्यांनी आपापले बोर्ड गुपचूप लांब सरकवले. एका बाईंनी लहान मुलाला उचलून बाहेर नेलं. मुकादम साहेब सहकुटुंब आले. त्यांच्या बेगमनी ओढणीचं टोक नाकाला लावलं. साहेबांनी 'नाखवा' हा शब्द वाचला, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "गटार तुंबलंय वाटतं."

"हो," मी म्हणालो. "तळघर आहे ना."

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक मांजर खाली आलं. त्याच्यामागून आणखी एक. मग बरीच... सालमियाच्या कचरापेट्यांपाशी असतात तशी, मळकी, कान फाटलेली. कुणी हुसकावलं तरी हलेनात. सगळी येऊन आमच्या बोर्डासमोर, हॉलच्या दाराकडे पाठ करून, बसली.

चाचा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होते. शेवटच्या पायरीवर ते थांबले. मांजरांकडे पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"उतरला म्हनायचा बाप," ते हळूच म्हणाले.

ते बोर्डापाशी आले. ओघळणाऱ्या त्या घाणीवर त्यांनी सबंध तळवा टेकला, नाकाशी नेला आणि मग दोन्ही हात एकमेकांवर घासून आपल्या पांढऱ्या दाढीवरून फिरवले, ईदच्या सकाळी अत्तर लावावं तसे. बेगम तोंड दाबून पायऱ्यांकडे वळल्या. पण मी चाचांकडे पाहत नव्हतो. मी फोटोच्या त्या सरळ, स्वच्छ कापलेल्या कडेकडे पाहत होतो, आणि ती कड मला कुठल्याही नमुन्यापेक्षा घाणेरडी वाटत होती.

"साहेब, गटार नाही," मी म्हणालो. "माझे आजोबा गलबतांना मुशीचं तेल लावायचे. नाखवा त्यांना मी केलं." खिशातलं पेन काढून मी तो शब्द खोडला आणि शेजारी परवान्यावरचे शब्द लिहिले. तेलकट बोर्डावर अक्षर वाईट आलं.

मुकादम साहेबांनी खोडलेला शब्द पुन्हा वाचला. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

वास नेमका कधी गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. एवढंच लक्षात आलं, की लोक पुन्हा मोकळा श्वास घेत होते, बिर्याणीचा सुगंध येत होता आणि मांजरं एकेक करून पायऱ्या चढून निघाली होती.

काही दिवसांनी मुकादमांचा निरोप आला: इस्तिखारा अनुकूल आला नाही. इस्तिखारा म्हणजे नमाज पढून अल्लाहकडे मागितलेला कौल; आमच्यात नकार सभ्यपणे असाच देतात. आमना दार लावून बसली. रात्री जेवायला आली तेव्हा ताटाकडे पाहत म्हणाली, "अब्बा, यू अँड हिज फादर वर मॅरिइंग मी टू अ बोट." ती हसली नाही. मीही नाही.

आता पूर्ण फोटो, डब्यासकट, आमच्या घरी बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. स्पष्टीकरण मी खूप शोधलं. शाई, गोंद, पाइप, माझं मन... पण मनाचा दोष म्हणावा, तर भरलेल्या हॉलनं नाकं का धरली होती? लॅबच्या खणात जपून ठेवलेला टिपकागद मी नंतर काढून पाहिला; तो कोरडा आणि कोरा आहे.

आमच्या इमारतीच्या दाराशी एक तांबूस मांजर असतं. मी कामावरून आलो की ते उठतं, माझ्या उजव्या हाताला नाक लावतं आणि लिफ्टपर्यंत सोबत चालतं. डाव्या हाताकडे ते पाहतही नाही. वर जाताना मी रोज तो हात हुंगून पाहतो... मला काही वास येत नाही.