जीपला टेकलेला हात

पंच्याऐंशीच्या सुमारास मी धरणगावहून जळगावला कचेरीत ज्या खटारा प्रवासी जीपने जायचो, ती चढ आला की हमखास बंद पडायची. सगळे उतरून ढकलायचो. कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थही रोज उतरायचा, पण जीपला नुसता तळहात टेकवून "जोर लावा रे!" म्हणून ओरडायचा.

एकदा मी वैतागलो. "भाऊ, तुम्हीपण लावा की!"

"ढकलनारा बठ्ठा शेतस. वरडनारा कोन शे?" ढकलणारे सगळेच आहेत, ओरडणारा कोण आहे, असा त्याचा अहिराणीतला सवाल.

त्याच्या इस्त्रीला मनातल्या मनात शिव्या घालत मी ढकलत राहिलो.

एके दिवशी तो आलाच नाही. जीप चढावर बंद पडली. आम्ही मुकाट्याने ढकललं, ती ढिम्म हलेना. कचेरीला उशीर होत होता. शेवटी मीच बोंबललो, "जोर लावा रे!"

जीप हलली.

खोटं कशाला बोलू, माझा तळहात नुसता टेकलेला होता.