तरसाच्या पाठीवरचे केस

नव्या संचालकबाईंनी विचारलेला प्रश्न तसा साधाच होता. "मास्तर, तरस खरंच असं उभं राहतं का हो?"

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मेलेल्या जनावरांचं कातडं कमवायचं, आत तार, भुसा आणि प्लास्टर भरायचं आणि त्यांना पुन्हा चार पायांवर उभं करायचं, हे काम शहरातल्या वस्तुसंग्रहालयात हे गृहस्थ चौतीस वर्षं करत आले होते. सगळे त्यांना पेंढामास्तर म्हणत. "पेंढा भरणं कधीच बंद झालंय!" हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली, पण नाव काही सुटलं नाही.

"असंच उभं राहतं," मास्तरांनी ठणकावून सांगितलं. बाई मान हलवून पुढच्या दालनात गेल्या. मास्तरांना मात्र त्या दिवशी डबा गोड लागेना. कारण तीस वर्षांपूर्वी ते तरस उभं केलं तेव्हा हाताशी होतं काय? एक कातडं, लांबून मागवलेले दोन पुसट फोटो आणि तेव्हाच्या साहेबांचा हुकूम, की जनावर बघून माणूस दचकला पाहिजे. मास्तरांनी पाठीवरचे लांब केस डिंक लावून एकेक ताठ केले, वरचा ओठ जरा उचलला आणि खाली पाटी लावली, 'हल्ल्याच्या तयारीतील तरस'. जिवंत तरस त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं आणि आजही नाही.

आता तरसाची जुनी काचपेटी मोडकळीला आली होती. सोमवारी नवी काच बसायची होती, चारही बाजूंनी हवाबंद. ती पुढची वीस वर्षं तरी कोणी उघडणार नव्हतं, आणि महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. चूक असलीच तर सोमवारच्या आत दुरुस्त करायची. नाहीतर ती कायमची काचेआड जाणार आणि मास्तर घरी बसणार.

गंमत म्हणजे शहरापासून दीड तासावर चांगलं मोठं अभयारण्य होतं, आणि तिथे तरसं होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मास्तरांनी अभयारण्याच्या कचेरीत फोन लावला.

"रविवारी सकाळची फेरी हवी आहे. तरस किती वाजता असतं?"

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. "काका, ते काही नोकरीला नाहीये."

"बरं, पण कुठल्या भागात असतं? नकाशावर क्रमांक वगैरे?"

"दिसलं तर दिसलं. बहुतेक पहाटे परत जाताना दिसतं. सहाला फाटक उघडतं, साडेपाचला या. भडक कपडे नकोत, अत्तर नको."

एवढ्यानं मास्तरांचं समाधान होणार होतं थोडंच! त्यांनी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि पट्टीनं रकाने आखले. सहा ते सव्वासहा, हरणं. सव्वासहा ते साडेसहा, रानडुक्कर. पाऊण तास पाणवठ्यावर तरस. त्यांच्या संग्रहालयात दालनं याच क्रमानं होती, तेव्हा जंगलही त्याच क्रमानं असणार अशी त्यांची भाबडी समजूत.

बायको भाजी निवडत कागदाकडे बघत होती. "आणि रानडुकराला उशीर झाला तर?"

"तू चेष्टा करू नकोस."

"नाही करत. मला बसायला जागा कुठे आहे तेवढं सांगा."

पिशवीत मोजपट्टी गेली, रंग जुळवायची पट्टी गेली, वही गेली, आणि शेवटी एक कंगवा गेला. "कंगवा कशाला? विंचरणार आहात की काय त्याला?" बायकोनं विचारलं. केसांची लांबी ताडून बघायला, असं मास्तर गंभीरपणे म्हणाले, आणि ती हसत हसत निवडलेली भाजी धुवायला उठली. तिलाही खरं तर उत्सुकता होती. नवऱ्यानं कशासाठी तरी एवढं आतुर व्हावं, हे तिनं बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. निवृत्तीचं पत्र आल्यापासून तो घरात नुसता गुरगुरत असे.

गाडी मेहुण्याची. त्याला तरसात काडीचाही रस नव्हता, बिबट्या हवा होता. "दाजी, एवढ्या लांब जाऊन तरस? लोक हसतील," असं वाटभर त्यानं ऐकवलं.

फाटकापाशी थंडी मी म्हणत होती. वाटाड्या उघड्या जीपजवळ उभा होता. तिघं जवळ येताच त्यानं नाक मुरडलं. "डांबरगोळ्या कोणाकडे आहेत?"

मास्तरांनी कामावरचा जाड कोट घातला होता. कातड्यांच्या कपाटात वर्षानुवर्षं टांगलेला, त्यामुळे गोळ्यांचा वास त्याच्या धाग्याधाग्यांत मुरलेला. अत्तर नको म्हणाले होते ते त्यांनी काटेकोर पाळलं होतं, पण या वासाची नाकाला इतकी सवय, की तोही वासच आहे हे त्यांच्या ध्यानात येईना. कोट गाडीत राहिला. मास्तर बायकोची शाल पांघरून जीपमध्ये बसले. डोक्यावरची लोकरीची टोपी मात्र तशीच राहिली, आणि तीही त्याच कपाटातली होती.

कागदावरचा क्रम पहिल्या दहा मिनिटांतच कोलमडला. हरणं दिसली नाहीत, रानडुक्कर तर नाहीच. दिसला तो एक मोर, ज्याला रकानाच नव्हता. मास्तरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग एका वळणावर वाटाड्यानं जीप थांबवली आणि नुसता हात वर केला.

तरस वाटेच्या कडेनं येत होतं. मान खाली, पाय किंचित ओढत, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसासारखं. पाठीवरचे केस सपाट, एका बाजूला पडलेले. चुकलं. तीस वर्षं चुकलं. डिंकानं एकेक उभा केलेला तो केस न् केस आता एका दिवसात कसा खाली बसवायचा?

तेवढ्यात वारा फिरला. तरस जागच्या जागी थबकलं, नाक वर केलं, आणि बघता बघता मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले. ओठ वर गेला. जनावर एकदम दीडपट दिसू लागलं. अगदी पेटीतलं तरस!

"बघ!" मास्तर कुजबुजले, पण आनंदानं आवाज फुटलाच. "बघ, हुबेहूब! तसंच उभं राहतं!"

"दाजी, अंगावर येतंय ते!" मेहुणा सीटखाली सरकला.

"नाही रे," बायको शांतपणे म्हणाली. "ते घाबरलंय."

वाटाड्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. "ताई बरोबर बोलल्या. भ्यायलं की ते असं फुगतं, मोठं दिसायला. कसला तरी वास लागलाय त्याला." त्यानं मास्तरांच्या टोपीकडे नजर टाकली. तरस आणखी क्षणभर तसंच उभं राहिलं, मग पाठ फिरवून झुडपात पळालं.

जीप परत निघाली. मास्तरांनी टोपी काढून पिशवीत कोंबली. मग हळूच विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"त्यात काय कळायचंय?" बायकोनं त्यांच्या अंगावरची शाल सारखी केली. "ते पत्र आलं त्या दिवशी तुम्ही ताट आपटलंत, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ बरोबर होतं."

सोमवारी सकाळी काच बसवणारे आले तेव्हा तरस होतं तसंच उभं होतं. मास्तरांनी एका केसालाही हात लावला नव्हता. त्यांनी फक्त पाटी काढली आणि नवी लावली. स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत: 'घाबरलेलं तरस'.

संचालकबाई चष्मा सरसावून वाचत राहिल्या. "मास्तर, नक्की ना? आता पुन्हा उघडता येणार नाही."

"नक्की. डोळ्यांनी बघून आलोय." मग जरा थांबून ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांना उगाच घाबरवत बसलो मी. त्या बिचाऱ्याची कोणी विचारपूसच केली नाही."

काच बसली. मास्तर त्या दिवशी लवकर घरी आले. बायको कपडे वाळत घालत होती. ते दारातच उभे राहिले, चपलाही न काढता.

"एक तारखेपासून सकाळी उठून कुठे जायचं, मला कळत नाही," ते म्हणाले. "भीती वाटते गं."

तिनं हातातला ओला सदरा दोरीवर टाकला आणि बादलीतल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. पिळायला दोघं लागतात."