चाळ सुटेपर्यंत

ऊर्जानगरच्या वीज कॉलनीतल्या क्वार्टरमधून लग्न होऊन मी धानोऱ्याकडच्या या गावात आले, तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. बारावी पास! माहेरी घरात नळ! तेव्हाची ती बया आज मला भेटली, तर आधी मीच तिच्या कानाखाली एक ठेवून देईन.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा होती. भरदुपारी चौकात दंडार चाललेली. दंडारीत पुरुषच बाई होऊन नाचतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गर्दीतून डोकावले, तर माझा लग्नातला हिरवा शालू नेसून माझाच नवरा नाचून राह्यला होता. पोरं शिट्ट्या मारत होती.

मी बैलगाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसली आणि आत शिरले. पहिला फटका पाठीत. दुसरा घोट्यावर, घुंगरांच्या चाळांसकट. तिसऱ्याने कपाळ फुटलं. रक्त कुंकवावरून डोळ्यात उतरलं.

"मारून टाकते काय वं त्याले?" कोणी म्हातारी ओरडली.

"थांब म्हणा त्याले! नाई तर मी आत्ताच चालली ऊर्जानगरले, कायमची!"

त्याने ऐकलं. ढोलकी थांबली नाही, तोही नाही. लेकरू मेलेल्या आईचं सोंग होतं. लंगडत, एका डोळ्याने बघत तो रिकामी झोळी हलवत राहिला. शिट्ट्या बंद झाल्या. मी पुन्हा उभारी उचलली, तोच सासूने वेणी धरून मला मातीत आपटलं, दोन थोबाडीत दिल्या. मग पदर सावरून ती पुढे गेली आणि पोटच्या पोराच्या पाया पडली.

"चाळ बांधले का आरतीपावतर तो माहा पोरगा नाई, तुहा नवरा नाई," ती मला म्हणाली. "बस खाली."

तोंडातलं रक्त गिळत बसले. समोर झोळी हलत होती. माझी कूस अजून रिकामीच होती, तरी मी लेकरू गेल्यासारखी रडले.

आरतीनंतर सासू म्हणाली, "मारलं तू, आता चाळबी तूच सोड."

घोटा सुजून दोरी मांसात रुतली होती. माझं डोकं त्याच्या पावलांना टेकलं, तेव्हा कुठे गाठ सुटली. तो विव्हळला.

"लय दुखते?"

"नाचताना नाई दुखलं. आता दुखून राह्यलं."

ऊर्जानगरची बस तिठ्यावर भोंगा वाजवून गेली. मी दोरीच्या वळांवर हळद लावत होते.

आता माझा म्हातारा एकच गिरकी घेतो, तीही धाप लागून. चाळ मीच बांधते. मी जवळ गेले की तो कपाळाच्या व्रणावर हात ठेवून साऱ्या मंडईला ऐकू जाईल असं म्हणतो, "पयले हिचे हात तपासा बाप्पा!"